पांढऱ्या पोर्सेलिनवरचा पिवळा डाग

गंगापूर रोडवरच्या त्या बंगल्याच्या मागच्या ओट्यावर मॅडमनी माझ्या हातात भांडी घासायचा ब्रश दिला. म्हणाल्या, "हळूच घास हं. महागाचं आहे."

महागाचं! मला सांगत होत्या. माझंच शिल्प ते, मॅडमनी प्रदर्शनातून विकत घेतलेलं. पोर्सेलिनचं, चिनी मातीचं. पांढरंशुभ्र, गुडघ्याएवढं, वरून चकाकीचा लेप न दिलेलं. हात फिरवला तर अंड्याच्या कवचासारखं लागतं. ते कशासारखंच नाही. दोन वळणं एकमेकांना टेकलेली, बस्. मॅडमच्या सासूबाईंना त्यात शंख दिसला, म्हणून त्यांनी ते देवघराशेजारी ठेवलं होतं. ठेवू देत म्हटलं. ज्याला जे दिसेल ते दिसेल.

आता त्या पांढऱ्यावर पिवळे ओघळ होते. वरपासून खालपर्यंत. वळणात साचून वाळलेले.

"हे कशानं झालं?" मी विचारलं.

मॅडम अगदी सहज बोलल्या. लाज नाही, काही नाही. "अगं, पेपरात तुझ्यावर आलं होतं ना, ते आईंनी वाचलं. मग त्यांनी गंगेचं पाणी, हळद आणि गोमूत्र शिंपडलं. तू मनावर घेऊ नकोस. आम्ही तसलं काही मानत नाही. त्यांच्या समाधानासाठी, एवढंच."

पेपरात आलं होतं, खरंय. प्रदर्शनाच्या पत्रिकेवर माझं नुसतं पहिलं नाव असायचं. पेपरवाल्यानं आडनाव छापलं, वस्तीचं नाव छापलं. फोटोत मी, आप्पा आणि मागं निळा झेंडा. आप्पा म्हणजे माझे वडील, पंचवटीत गोदावरीच्या, म्हणजे आमच्या नाशिकच्या गंगेच्या, घाटावर सफाई कामगार. त्या दिवशी त्यांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. आणि तोच पेपर वाचून इकडे हे!

त्याआधी याच शिल्पाला याच घरात फूल वाहिलं होतं. सणाच्या दिवशी मॅडमनीच मला फोटो पाठवला होता. तेव्हाही ते माझ्याच हातचं होतं ना?

शी! किळसच आली. वासानं नाही, वास कधीच गेला होता. ज्या पाण्यातून यांचं निर्माल्य, यांच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या माझा बाप रोज उपसतो, तेच पाणी त्याच्या मुलीचं काम शुद्ध करायला. आणि वर ब्रश माझ्याच हातात.

तरी मी तो लगेच खाली ठेवला नाही. मॅडमच्या मिस्टरांचं नवं हॉटेल उभं राहत होतं आणि तिथल्या लॉबीची अख्खी भिंत माझ्याकडे येणार होती. एवढं मोठं काम मला कधी मिळालं नव्हतं. ती भिंत मला झोपेतही दिसायची. मी घासलं. साबण लावून घासलं. डाग हलेना.

सासूबाई दारात आल्या. मॅडमना म्हणाल्या, "तिला म्हणावं, झालं की मागूनच जा. पुढून नको."

मला नाही सांगितलं. मी समोर बसलेली असताना.

डोकंच फिरलं माझं. ब्रश बादलीत टाकला आणि उठले.

"निघत नाहीये का?" मॅडम म्हणाल्या. "मग भट्टीत घालून बघ ना."

"भट्टीत घातलं तर निघेल," मी म्हटलं. "हळद जळेल, गोमूत्र जळेल, काही उरणार नाही. पण मी घालणार नाही."

"म्हणजे?"

"माझी भट्टी माझ्या कामासाठी आहे. तुमची घाण जाळायला नाही."

"अगं, कुणाशी बोलतेयस? भिंतीचं काम हवंय ना तुला?"

"दुसऱ्याला द्या."

शिल्प ओट्यावरच सोडून मी हॉलमधून गेले. देवघरासमोरून, सासूबाईंसमोरून, पुढच्या दारानं. रिक्षात बसल्यावर रडू आलं. भिंतीसाठी आलं, खोटं कशाला बोलू? त्या बायकांसाठी एक टिपूससुद्धा नाही. त्यांची नुसती किळस आली, आजही येते.

भिंत गेलीच. तिथं म्हणे आता कुणाची तरी कमळं लागलीत. लागू देत.

हल्ली कुणी काम बघायला आलं की मी आधी आडनाव सांगते. बाप काय करतो ते सांगते. किंमत नंतर. ऐकून ज्याचं तोंड वाकडं होतं, त्यानं तिथूनच परत फिरावं. ज्या घरात माझं काम शुद्ध करून घ्यावं लागतं, त्या घरात ते जाणार नाही. उपाशी मरेन, पण नाही जाणार.