बुधवारची घरसभा दगडामावशीकडे

कोल्हारच्या स्टँडसमोर क्रिस्टीना उजागरेची मिसळ खाल्ली नाही, असा ड्रायव्हर नगर-मनमाड रस्त्यावर विरळाच. बाई उंचीनं बेताची, आवाजानं दणदणीत. एखादं गिऱ्हाईक म्हणालं, "ताई, तर्री जरा कमी," की हिचं उत्तर तयार, "मग दवाखान्यात जा, तिथं बिनतर्रीचं मिळतंय!" गिऱ्हाईक हसत हसत आणखी एक पाव मागणार.

हा सढळ हातच एक दिवस नडला.

चर्चची माणसं दर बुधवारी संध्याकाळी कुणा एकाच्या घरी जमतात. भजनं, शास्त्रपाठ, एकमेकांसाठी प्रार्थना आणि उठताना कपभर चहा. ही घरसभा. कुणाकडे बसायचं ते आदल्या रविवारी उपासना संपताना पाळकसाहेब सांगतात. गेल्या वर्षी क्रिस्टीनाचा नंबर आला आणि तिनं चहाच्या जोडीला मटार पुलाव केला, वर गुलाबजाम. माणसं खूश. पुढच्या बुधवारी जस्टिन सरांकडे पावभाजी झाली. त्याच्या पुढच्या बुधवारी आणखी कुणाकडे बिर्याणी.

मग बुधवार गळायला लागले. कुणाकडे पाहुणे, कुणाच्या भिंतीला रंग. सभा मोजक्या पक्क्या घरांतच फिरत राहिली. आणि दगडामावशी तर यायचीच बंद झाली.

दगडामावशी म्हणजे सभेचा गळा. दिवसभर लोकांच्या वावरात खुरपणारी, साठी उलटलेली बाई. पण भजनाला तोंड उघडलं की शेजारच्या आळीतली भांडणं थांबायची. ती येईना, तशी भजनं मोबाईलवर लागू लागली. क्रिस्टीनाचा नवरा सायमन म्हणाला, "ह्या मोबाईलमागं गायचं म्हणजे सुटलेल्या एस्टीमागं पळायचं."

क्रिस्टीना पाटाकडेच्या पत्र्याच्या घरी जाऊन थडकली.

"मावशी, सभेला का येईना तू?"

"गुडघा धरलाय."

"काल तर कांद्याच्या वावरात बसली होतीस. मी टेम्पोतून बघितलं."

"तवा सोडला हुता."

"मावशी!"

दगडामावशीनं डोईवरचा पदर नीट केला. "खरं आयकायचंय? माझा नंबर येतोय म्हनून. तुजा पुलाव खाल्लेली मानसं उद्या माझ्या दारात येनार. मी त्यांच्या हातावर काय ठिवू, खुरपं?"

क्रिस्टीनाला हायसंच वाटलं. खायचाच प्रश्न असेल तर तो तिच्या हातचा मळ. "एवढंच ना? मी घरून पातेलं भरून आणते. तुझ्या नावानं वाढू. कुणाला कळायचं पण नाही."

"मला कळंल की." मावशीचा आवाज एकदम खाली गेला. "देवाच्या म्होरं बसायचं, आन् दुसरीच्या पातेल्यावर माझं नाव लावायचं व्हय? ऊठ, बाई. दिवस हाय तवर घरी जा."

जेवताना सायमनच्या ओठात हसू होतं. "तुझं पातेलं कुणी माघारी धाडलं, असं लग्नापासून पहिल्यांदाच बघतोय."

"हसू नका हो."

"हसत नाही. पण सांग बरं, गेल्या बुधवारी शास्त्रपाठ कशावर होता?"

तिला सांगता येईना. त्याच्या आदल्या बुधवारचाही येईना. कुणाचंही घर असो, ही पहिल्या भजनालाच आत जायची. मीठ बघ, ताटल्या पूस, गॅस बारीक कर. बाहेर माणसं डोळे मिटून बसायची तेव्हा ही कुकरच्या शिट्ट्यांवर ध्यान ठेवून असायची. लोक म्हणायचे, क्रिस्टीनाबाई प्रभूच्या कामाला कधी मागं नसते. ते खोटं नव्हतं. पण काम करता करता प्रभूकडे बघायचंच राहून गेलं होतं, हे तिचं तिला आज उमगलं. आणि एक बाई तिच्यामुळं सभेला मुकली होती, ते वेगळंच. हे तिचं तिलाच सावरायचं होतं.

शनिवारी ती पुन्हा पाटाकडेला. दारातूनच म्हणाली, "मावशी, मला तुझ्या घरी प्रार्थनेला बसायचंय. पाणी देशील?"

"पान्याला काय, देईन की. आन् बाकीचे?"

"त्यांचं मी बघते."

"तू बघतीस म्हनूनच भ्या वाटतं," मावशी म्हणाली. पण नाही म्हणाली नाही.

रविवारी उपासना संपत आली. पाळकसाहेबांनी विचारलं, "बुधवारची सभा?" बायकांच्या बाजूनं क्रिस्टीना उभी राहिली.

"दगडामावशीकडं. मावशी पाणी देणार. आणि तिथून पुढं ज्याच्या घरी सभा, त्यानं चहा द्यायचा. तोही जमला तर. खाण्याची सुरुवात मी केली, बंद पण मीच करते."

मग जस्टिन सर म्हणाले, "ताई, मग आम्ही यायचं कशासाठी?"

हशा पिकला.

"तेच बुधवारी बघू, सर!"

आता हशा दुप्पट झाला आणि त्यात सरही सामील झाले.

बुधवारी मावशीनं अंगण सारवलं. पलीकडच्या मळ्यातल्या मच्छिंद्रभाऊंनी त्यांची ताडपत्री आणून अंथरली. "आमच्या हरिपाठाला बी फक्त पानीच असतं, मावशी. काळजी करू नका," म्हणाले आणि धार काढायला गेले.

"येतील ना गं?" मावशीनं विचारलं. क्रिस्टीना ताडपत्रीचं टोक सरळ करत रस्त्याकडं बघू लागली.

पाटाच्या कडेनं एक मोटारसायकल आली. मग दुसरी. मग चालत येणाऱ्या बायका. ताडपत्री भरली, तसे पुरुष दगडांवर टेकले. क्रिस्टीना सवयीनं आत निघाली, तर मावशीनं तिचा पदर धरून ओढला. "कुठं निघाली? चूल इझलीय. बस खाली."

ती बसली. मावशीनं सूर लावला आणि सगळं अंगण मागोमाग गाऊ लागलं. हे भजन क्रिस्टीनाला लहानपणापासून पाठ होतं, पण आज त्यातली कडवी तिला एकेक करून भेटत होती. गाताना शेजारणीचा खांदा तिच्या खांद्याला लागत होता. मागं सायमनचा बेसूर आवाज होता आणि तोही तिला गोड लागला.

मग एकेकानं प्रार्थना करायची वेळ आली. कुणी लेकीच्या बाळंतपणासाठी केली, कुणी आजारी भावासाठी. क्रिस्टीनाची वेळ आली आणि साऱ्या ड्रायव्हरांना पुरून उरणाऱ्या बाईनं पदर सावरून डोळे मिटले.

"प्रभू," ती हळू म्हणाली, "तुझ्याकडं मी नेहमी भरल्या हातानं आले. आज काही आणलं नाही. तरी तू बसू दिलंस. ह्या घराला आशीर्वाद दे. आणि मला असंच बसायला शिकव."

"आमेन!" सगळ्यात मोठा आवाज दगडामावशीचा.

पाण्याचे पेले फिरू लागले. पाळकसाहेबांनी विचारलं, "पुढचा बुधवार?"

मागच्या दगडावरून कल्याण उठला. गोदामावर पहारा करणारा हा माणूस इतक्या वर्षांत सभेत एक अक्षर बोलला नव्हता. "साहेब, माझी एकच खोली हाय. निम्मी मानसं रस्त्यावर बसतील."

"बसू की!" साहेबांच्या आधी क्रिस्टीनाच बोलली.

"मग त्याच्या म्होरचा आमच्याकडं," रतनबाईनं हात वर केला. लगेच भिंतीकडून आणखी एक हात वर आला, आणि दोघीतिघी एकदमच बोलू लागल्या.

दगडामावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अरं, एकेक जन बोला! बुधवार आठवड्यातनं एकदाच येतो."