पंपातली चामड्याची वाटी

माझ्या आगबोटीचा पंप बदलला त्या दिवसाबद्दल कल्याणच्या बंदरावर अजून नाना गोष्टी सांगतात. त्यांतल्या बहुतेक माझ्या मेहुण्याने पसरवलेल्या आहेत. बॉयलर फुटणार म्हणून मी पाण्यात उडी टाकली, असेही एकाने मला तोंडावर ऐकवले. म्हणून काय झाले ते मीच लिहितो.

त्याच बंदरावर पाठीवर गोणी वाहून मी मोठा झालो. मुंबईच्या गोदीत मोडीत निघालेली एक लहान आगबोट मी विकत घेतली तेव्हा सगळे हसले. आगगाडी येऊन एक पिढी लोटली होती. माणसे गाडीने जात, पण मीठ, विटा, गवत अजून खाडीनेच चाले, पडाव नावाच्या मालवाहू होड्यांतून, शिडावर. वारा पडला की पडाव थांबे, ओहोटी लागली की नांगर टाकून बसे. माझी बोट त्याच पडावांना दोर बांधून ओढणार होती. तिला वारा नको, भरती नको. हे साधे गणित कोणालाच कसे सुचले नाही याचे मला नवल वाटे.

कल्याणच्या मिठाच्या शेठने पानसुपारीला बोलावून शब्द दिला होता : "बोट आण, पुढल्या हंगामाचा सगळा मक्ता तुझा." मी बोट आणली. महिनाभरात तिचा पंप गेला. तेव्हा शेठने सूर बदलला. "आधी माघी पौर्णिमेच्या उधाणाला कोलशेतहून माझे दोन पडाव आणून दाखव. नाही जमले तर तुझ्या मेहुण्याची शिडे आहेतच." मेहुणा शेजारीच बसून सुपारी कातरत होता. शब्द दिला तेव्हा ही अट नव्हती. माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती आजही आहे.

पंप म्हणजे फार मोठी वस्तू नव्हे. पितळेचे एक नळकांडे, त्यात वरखाली होणारा दट्ट्या, आणि दट्ट्याला खाली चामड्याची वाटी. वाटी नळकांड्याला घट्ट घासत गेली तरच खाडीचे पाणी ओढले जाते आणि बॉयलरमध्ये जाते. बॉयलरला काचेची एक नळी असते, तीत पाणी किती उरले ते दिसते. नळी रिकामी झाली आणि खाली विस्तव तसाच राहिला, तर बोट आणि माणसे दोन्ही उडतात.

माजिवड्याच्या रस्त्याला एका ख्रिस्ती मिस्त्रीची भट्टी होती. आगगाडीच्या कारखान्यात काम केलेला माणूस, नवा पंप ओतून देणारा जवळपास तो एकटाच, आणि ते त्याला ठाऊक होते. मी पहिला शब्द बोललो तशी त्याने माझ्या धोतराकडे पाहिले, मग माझ्याकडे. "घासाघीस करायची असेल तर बाजारात जा. इथं पितळ आहे, वांगी नाहीत."

तरी मी घासाघीस केली. जुन्या पंपाचे पितळ त्याने वितळवून घ्यायचे, आणि कल्याणपर्यंत स्वतः बोटीवर यायचे असे ठरले.

"मी कशाला येऊ?"

"पंप चांगला असेल तर तुम्हाला फुकटची सैर होईल. वाईट असेल तर माझ्याबरोबर तुम्हीही उडाल."

तो हसला, पहिल्यांदाच. वाटी त्याने माझ्यादेखत चरबीत मुरवली. चरबी ठाण्याच्या खाटकाकडची होती. कोणत्या जनावराची ते मी विचारले नाही. विचारून मला काय करायचे होते.

पौर्णिमेच्या सकाळी कोलशेतला पंप बसवला. माझा तांडेल, म्हणजे बोट हाकणारा म्हातारा कोळी, मला गोणी वाहतानापासून ओळखत होता आणि मालक झालो तरी अरेतुरेच करी. पंप बसेपर्यंत तो बोटीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, हळदकुंकू लावत बसला होता. मिस्त्री न्याहारीला गेला, मी पडावांचे दोर बघायला गेलो. परत आलो तेव्हा पंपाचे झाकण जागच्या जागी होते. भरती लागली, आम्ही निघालो.

कशेळी मागे पडली तोवर सगळे ठीक होते. मी मात्र बसू शकत नव्हतो. काचेची नळी बघायची, मागचे पडाव बघायचे, पाण्याची ओढ बघायची, पुन्हा नळी. मुंब्र्याचा डोंगर जवळ आला तेव्हा नळीतले पाणी बोटभर उतरले होते. कोपरजवळ ते अर्ध्याच्या खाली गेले. पंप खटखट करत होता, पण पाणी चढत नव्हते.

"विस्तव काढा," मिस्त्री म्हणाला.

"थोडे थांबा. पुढचे वळण घेऊ."

"वळण घ्यायला बॉयलर पाहिजे ना, सायबा?"

विस्तव काढला, नांगर टाकला. भरतीचे चांगले पाणी आमच्या दोन्ही अंगांनी कल्याणकडे चालले होते आणि आम्ही त्यात उभे. मिस्त्रीने पंप उघडला, वाटी बाहेर काढली आणि माझ्या हातात दिली. सुक्या पुरीसारखी कडक. चरबीचा वासदेखील नाही.

"ही कोणी धुतली?" मिस्त्रीने विचारले.

तांडेल सुकाणूवरून उठला नाही. "मी धुतली. राखेनं धुतली, मग शिकेकाईनं. मग खोबरेल लावला."

"का?"

"गायीची चरबी मी आईच्या पोटात घालू? सकाळी तिला कुंकू लावायचा, आन् दुपारी ही घाण पाजायची? मना इचारलंस का तू? तुज्या बापानं असं केलं असतं का?"

माझा बाप होडीत कधी बसला नव्हता. मी वाटी उगारली. मिस्त्रीने माझे मनगट धरले. "दुसरी नाही माझ्याकडे. म्हाताऱ्याला मारायचं तर दुसरं काहीतरी मारा."

"म्हातारा कोणाला म्हनतो रे?" तांडेल म्हणाला.

"खोबरेल थंड पाण्यात गोठतं, एवढं तरी कळायला हवं होतं," मिस्त्री म्हणाला.

"तू पाव खा."

तेवढ्यात मागून पश्चिमेच्या वाऱ्यावर मेहुण्याचे पडाव आले. शिडे टरारून फुगलेली. तो मुद्दाम आमच्या जवळून गेला. "काय दाजी, भात शिजायचा राहिला वाटतं? ताईला काय सांगू, जेवायला येता का नाही?"

त्याची माणसे हसली. पुढे जाऊन त्याने एक माणूस काठावर उतरवला. तो माणूस कल्याणच्या वाटेने झपझप चालू लागला. शेठला बातमी द्यायला तो चालला आहे हे मला लगेच कळले.

मी बोटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालत होतो. तिसऱ्या की चौथ्या फेरीला नाळेजवळच्या मडक्याला पाय लागला आणि उग्र वास उठला. मुशीचे तेल. माशाच्या काळजाचे हे तेल कोळी होडीच्या फळ्यांना चोपडतात, त्याने लाकूड खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षे टिकते. फळ्यांना चालते तर चामड्याला का नाही?

"मिस्त्री, हे गोठते का?"

त्याने बोट बुडवून दोन बोटांत घोळले. "नाही गोठत. घाणेरडं आहे, पण चालेल."

"आणि तुम्हाला, बाबा? हे आईला चालते का?"

"हे तिचंच हाय," तांडेल म्हणाला आणि स्वतः उठून आला.

उरलेल्या निखाऱ्यांवर तेल कोमट केले. तांडेलाने वाटी त्यात बुडवली आणि कणीक तिंबावी तशी अंगठ्यांनी तिंबत राहिला. मी घाई केली की तो आणखी सावकाश करी. वाफ सोडून मी बादल्यांनी बॉयलर भरला, हात भाजले. वाटी मऊ झाली, बसवली, विस्तव पेटवला. वाफ धरायला इतका वेळ लागला की मी दोनदा काठावर उडी मारून पायी निघायचा विचार केला. नळीतले पाणी हळूहळू वर चढताना दिसले तेव्हा भरती संपून पाणी स्थिर झाले होते.

डोंबिवली ओलांडली तोवर ओहोटी लागली. वाराही पडला. दुर्गाडीच्या अलीकडच्या वळणावर मेहुण्याचे पडाव नांगर टाकून उभे होते, शिडे ओल्या धोतरासारखी लोंबत. आम्ही उलट्या पाण्याने, सावकाश पण न थांबता, त्यांच्या शेजारून गेलो. मेहुणा वर शिडाकडे बघत राहिला. मिस्त्रीने टोपी काढून त्याला वाकून नमस्कार केला.

शेठ घाटावर उभा होता. पडाव आले याचे त्याला काहीच वाटले नाही. "कोपरला बंद पडलास म्हणे."

"माल आला की नाही?"

"आला. पण बंद पडलास. अर्धा मक्ता तुला, अर्धा मेहुण्याला."

"शब्द सगळ्याचा होता."

"शब्द चालणाऱ्या बोटीला होता."

भोवती हमाल उभे होते, त्यांतले काही माझ्याबरोबर गोणी वाहिलेले. माझ्या तोंडात काय काय आले होते ते लिहिण्याजोगे नाही. ते गिळून मी वळणाकडे हात केला. "तो तिकडे बसला आहे, रात्रीच्या भरतीपर्यंत. त्याच्या पडावांतले तुमचे मीठ तोवर दवात. ठीक आहे, अर्धा. पण भरती चुकलेला जो जो माल असेल, कोणाच्याही पडावातला, तो ओढायचा हक्क माझा एकट्याचा, आणि दर मी सांगेन तो."

शेठने वळणाकडे पाहिले, मग माझ्याकडे. "मोठा चिवट आहेस." आणि मान हलवली.

अर्धाच. दिलेला शब्द अर्धा करून घेऊन मी बोटीवर परतलो. मिस्त्री आणि तांडेल पाठीला पाठ लावून बसले होते.

"गावला?" तांडेलाने विचारले.

"अर्धा."

"अर्धा ह्याच्या चरबीनं गेला."

"आणि तुझी शिकेकाई?" मिस्त्री म्हणाला.

दोघांनाही गप्प बसायला सांगून मी विस्तवावर लाकडे टाकली. पडाव रिकामे करून परत न्यायचे होते, त्याला सकाळपर्यंत वेळ होता, पण मला थांबवेना. मेहुणा अजून वळणावर नांगर टाकून होता, आणि मला त्याच्या अगदी जवळून जायचे होते.