डोंगरासाठी वहाणा

आज ठाण्याच्या बाजारात कोऱ्या कातड्याचा वास आला आणि लहानपणचा तो चैत्र आठवला. बाळकुमहून आम्ही डोंगरावरच्या देवीला निघालो होतो. आई आम्हा मुलांना तयार करीत होती. दादाला मलमलीचा सदरा आणि नव्या वहाणा. मला आणि काकांच्या यमूला जरीचे परकर, पैंजण आणि अनवाणी पाय! मुलींनी वडीलधाऱ्यांपुढे वहाणा घालायच्या नाहीत, हा म्हणे धर्म. धर्म कसला, निव्वळ निर्दयपणा!

आईने गाठोड्यातून दादाच्या जुन्या वहाणा काढल्या आणि माझ्या पायांना चिंधीने घट्ट बांधल्या.

“वहिनी, लोक काय म्हणतील?” काका गरजले.

“म्हणू देत, भावोजी. पाय लोकांचे थोडेच भाजणार आहेत?”

तापलेल्या कातळावरून मी धावत सुटले. आई मागून अनवाणीच येत होती. तिचे पाय भाजतच नाहीत, असे तेव्हा मला वाटे. आज त्या समजुतीचीच चीड येते.

यमू मात्र अर्ध्या वाटेत रडू लागली. काकांनी तिला खांद्यावर घेतले.

“बाबा, मला कधी हो वहाणा?” तिने विचारले.

“बघू,” काका हळूच म्हणाले. आमच्या घरात या प्रश्नाला ‘नाही’ सोडून दुसरे उत्तर मी प्रथमच ऐकले.