ग्रुपच्या पोटातला ग्रुप

डिचोलीतल्या आमच्या कचेरीचा वरचा मजला रिकामा होत गेला, तो मी फार जवळून पाहिला. माणूस गेला की कॉम्प्युटरवरून त्याचं नाव काढायचं काम माझं होतं.

कंपनी खाणीची. खाण बंद पडली तशी माणसं पांगली. सर्व्हेवाले गेले, ट्रकांच्या फेऱ्या लिहिणारे गेले, प्रयोगशाळेतल्या दोघी गेल्या. कुणाला दुसऱ्या राज्यातल्या कारखान्यात पाठवलं, कुणी घरी बसलं, एकाने मयेला तळ्याच्या बाजूला पर्यटकांसाठी खोल्या काढल्या. मी राहिले, कारण माझं काम खाणीवर अवलंबून नव्हतं. कंपनीचे जे लोक ठिकठिकाणी कॉम्प्युटरवर बसतात, त्यांची सॉफ्टवेअरची लायसन्सं मी सांभाळते. ते कुठूनही करता येतं. मुख्य कचेरीने कळवलं, आहात तिथेच बसा. म्हणून बसले.

माझी आई केरीला भावाकडे असते. तिने एकदा विचारलं होतं, "तू नेमकं करतेस तरी काय गो?"

"लायसन्सं देते."

"गाड्यांची?"

मी हो म्हटलं. समजावून सांगायला गेले असते तर तिची आमटी करपली असती. पण खरं तर गोष्ट सोपी आहे. मेल उघडायचा, तक्ते भरायचे, स्क्रीनवर एकमेकांशी बोलायचं, तर प्रत्येकाला परवानगी लागते. पूर्वी ती मी एकेकाच्या नावापुढे हाताने खूण करून देत असे. मग ग्रुपची पद्धत आली. हिशेबवाल्यांचा एक ग्रुप, कारखानेवाल्यांचा एक, डिचोलीवाल्यांचा एक. ग्रुपला एकदाच लायसन्स द्यायचं. ज्याला ग्रुपात घातलं त्याला ते आपोआप मिळतं, ज्याला काढलं त्याचं आपोआप जातं. हे घालणं-काढणं मी काळ्या खिडकीत कमांडी लिहून करते. एका स्क्रिप्टमध्ये, म्हणजे ओळीने लिहिलेल्या कमांडींत, गावभर माणसं इकडची तिकडे होतात.

डिचोलीचा ग्रुप मीच लहान करत आणला. निरोप घेणाऱ्याला जिन्यापर्यंत सोडायचं, परत येऊन खुर्चीवर बसायचं आणि त्याचं नाव काढायचं. मशीन विचारतं, नक्की का? मी हो म्हणते. पुढची ओळ येते, कर्सर लुकलुकतो. माणूस तेव्हा अजून बसस्टॉपवरही पोचलेला नसायचा.

मग दिवस एकसारखे झाले. सकाळी पोदेराकडून घेतलेले दोन पाव नि डब्यातली भाजी दुपारी टेबलावर. पूर्वी आम्ही खिडकीजवळ टेबलं जोडून जेवायचो. आता मी जिथे काम करते तिथेच जेवते. डिचोलीत माझी भाड्याची खोली आहे. शुक्रवारी संध्याकाळी म्हापसामार्गे केरीला जायचं. त्या दिवशी म्हापशाचा बाजार, बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते. पिशव्या, सुक्या मासळीचा वास, कुणाच्या तरी मांडीवर केळ्यांचा घड. त्या गर्दीत उभी असताना एकदा माझ्या लक्षात आलं की कंडक्टरला "केरी" म्हणताना माझा आवाज घोगरा निघाला, कारण सकाळपासून तोंडातून निघालेला तो पहिलाच शब्द होता.

केरीला तरी काय. भावाचं समुद्राकडचं छोटं हॉटेल, हंगामात त्याला नि वहिनीला श्वास घ्यायला वेळ नाही. आई माझ्या पानात जास्तीचा बांगडा वाढते आणि टीव्ही बघते. सगळे चांगले आहेत. कुणी मला एकटं पाडलेलं नाही. पण सोमवारी पहाटे निघताना मला कधी थांबावंसंही वाटलं नाही.

अशातच मुख्य कचेरीचा हुकूम आला की आता कुणाच्याही नावापुढे हाताने दिलेलं लायसन्स नको, सगळ्यांना ग्रुपातूनच. मी स्क्रिप्ट लिहिली. ग्रुपात कोण कोण आहे ते तपासायचं, आणि जो ग्रुपात आहे त्याची हाताने केलेली जुनी खूण पुसून टाकायची. थोड्या नावांवर करून बघितली, ठीक चालली. मग सगळ्यांवर चालवली. ओळी सरसर वर गेल्या, एकही चूक दिसली नाही. मी चहा पिऊन आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिशेबवाल्यांच्या टेबलावरचा फोन वाजला.

टेबलांवरचे जुने फोन कुणी काढून नेले नव्हते, पण ते वाजतील असं मला वाटलं नव्हतं. तो वाजून वाजून थांबला. माझा फोन नव्हता, म्हणून मी उठले नाही. मग सर्व्हेवाल्यांचा वाजला. मग पलीकडे साहेबांच्या बंद केबिनमधला. एकेक टेबल घेत ती घंटी खोलीभर फिरत होती, जणू कुणीतरी दारोदार जाऊन हाक मारतंय. प्रयोगशाळेच्या दोघींचा फोन वाजायला लागला तेव्हा मी उभी राहिले. तो थांबला आणि माझा वाजला.

"कोण असा थय?" म्हाताऱ्या माणसाचा आवाज. "सकाळधरून सगळे फोन फिरवतंय. कोण उचलीतच नाय."

"ते सगळे गेले, काका. मी एकटीच आहे."

"मगे तुमीच सांगा, बाय. माजां पाणी जायत नाय."

मला वाटलं, चुकून पाणीपुरवठ्याऐवजी इथे लागला. पण तो आमचाच माणूस निघाला. बंद खाणीच्या खड्ड्यात पाणी साठतं. ते वेळोवेळी उपसलं नाही तर बांध फुटून खालच्या शेतांत जायची भीती असते. म्हणून खाण बंद असली तरी तिथे पंप चालू आहेत आणि ते चालवायला हे काका आहेत. रोज सकाळी पाण्याची पातळी बघायची आणि कंपनीने दिलेल्या टॅबवर भरून पाठवायची. ते म्हणजे त्यांचं 'पाणी पाठवणं'. काल मी स्क्रिप्ट चालवली आणि आज त्यांचा टॅब त्यांना आत घेईना.

मी त्यांचं नाव शोधलं. डिचोलीच्या ग्रुपात ते थेट नव्हतेच. माझ्याआधी कुणीतरी त्या ग्रुपात आणखी एक ग्रुप करून ठेवला होता, पाणी उपसणाऱ्यांचा. त्यात उरलेलं नाव एकच. मोजताना मशीन पोटातला ग्रुपही धरतं, म्हणून माझ्या स्क्रिप्टला ते डिचोलीवाले वाटले आणि तिने त्यांची जुनी खूण पुसली. पण लायसन्स वाटताना मशीन पोटातल्या ग्रुपापर्यंत उतरत नाही. वरच्या पायरीवर जे उभे आहेत त्यांनाच देतं.

मी त्यांना थेट वरच्या ग्रुपात घातलं. मशीनने तरी नकार दिला. वापराचं ठिकाण रिकामं आहे, म्हणालं.

"काका, तुम्ही कुठे असता?" मी सहज विचारलं.

त्यांनी तो प्रश्न अगदी मनावर घेतला. "वरच्या फाटकातसून आत इल्यार डाव्या हाताक वाट उतरता. थय शेड असा. म्होरं पाणीच पाणी, हिरवांगार. मागे आकेशीची झाडां. दोन मोर येतत सकाळचे. हय कोण येयत नाय, बाय. शिपाई फाटकार, तो खाली येयत नाय."

त्या रकान्यात फक्त देशाचं नाव लागतं. मी 'भारत' लिहून कधीच मोकळी झाले होते. पण मी त्यांना थांबवलं नाही. ते मोरांचं सांगत राहिले, मी ऐकत राहिले, आणि थोड्या वेळाने ते मध्येच ओरडले, "गेलां! गेलां पाणी!"

मग हळू आवाजात म्हणाले, "सायेब वाचतत मां?"

पातळीचे मेल ज्या साहेबांना जात होते ते केव्हाच निवृत्त झाले होते. त्यांचंही नाव मीच काढलं होतं. मेल एका बंद पेटीत जाऊन पडत होते. मला खोटं बोलवेना.

"साहेब आता नाहीत, काका. उद्यापासून माझ्याकडे पाठवा. मी वाचीन."

"तुमका काय कळतलां तेच्यातलां?"

"कमी-जास्त तरी कळेल."

ते हसले. तसं बघितलं तर हे माझं काम नव्हतं. मी मुख्य कचेरीला कळवलं. पातळी नियमित येते ना, मग चालू दे, असं उत्तर आलं. दुसऱ्या सकाळपासून पातळी माझ्याकडे यायला लागली, आणि पाठोपाठ फोन. "इलां?" "आलं." कधी तेवढंच. कधी पंपाचा पट्टा तुटल्याची हकीकत, कधी त्यांच्या गावची. गाव त्यांचं दोडामार्गाकडचं. मुलगा-सून तिथे, काजूची बाग आहे. बोलता बोलता माझी भाषाही केरीची व्हायची. ते फोन ठेवायचे तेव्हा मला खोली आधीपेक्षा मोठी वाटायची.

पावसाळ्याच्या आधी एका शनिवारी मी केरीला न जाता त्यांना भेटायला गेले. बसने फाट्यावर उतरले, तिथून लाल रस्त्याने चालत. फाटकावरच्या शिपायाने ओळखपत्र दोनदा बघितलं. खाली उतरल्यावर सगळं त्यांनी सांगितलं होतं तसंच दिसलं. मोर तेवढे नव्हते. इतकं हिरवं पाणी इतकं गप्प असलेलं मी कधी बघितलं नव्हतं. चारी बाजूंनी डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कापलेला, त्यावर कुठे एक माणूस नाही.

काका बारीक चणीचे, कानात केस. खुर्ची त्यांनी टॉवेलने पुसली आणि स्टीलच्या पेल्यात काळा चहा दिला. फोनवर इतकं बोलणारी माणसं आम्ही, नुसती पाण्याकडे बघत बसलो.

"तुमी दिसभर कोणाबरोबर उलयतात?" त्यांनी शेवटी विचारलं.

"कोणाबरोबर नाय."

"मगे आवाज सुकता, बाय. माजो सुकलेलो. म्हणान मी आकडो आदी मोठ्यान वाचतंय, मगे लिवतंय."

सोमवारी कचेरीत मी करून बघितलं. कमांड लिहिताना मोठ्याने वाचली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी खालचा वॉचमन जिना चढून वर आला, कोण पाहुणे आलेत बघायला. मी म्हटलं, कुणी नाही. तो रिकाम्या टेबलांकडे बघून निघून गेला, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पावसाळा संपला आणि पाणी उपसायचं काम बाहेरच्या ठेकेदाराला दिल्याचा मेल आला. ठेकेदार आपली माणसं, आपली यंत्रं आणणार. पाणी उपशाचा ग्रुप रद्द करावा, त्यातल्या कर्मचाऱ्याचं लायसन्स काढून घ्यावं. एवढंच. खाली माझ्या वरिष्ठांची आपोआप उमटणारी सही.

मी फोन केला. त्यांना आधीच कळलं होतं.

"काडा मगे," ते म्हणाले. "तुमचां काम तां."

"आज नाय काढत, काका. उद्या काढते. आजचं पाणी पाठवा."

त्यांनी पाठवलं. खाली शेऱ्याच्या जागी, जिथे ते नेहमी 'ठीक' लिहीत, तिथे त्या दिवशी काहीच लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी काळी खिडकी उघडली. ग्रुपातून नाव काढलं, मग तो पोटातला ग्रुपच काढून टाकला. एका माणसासाठी स्क्रिप्ट लागत नाही, हाताने केलं.

पुढचे दिवस वाईट गेले. सकाळी माझं लक्ष फोनकडे जायचं आणि मला स्वतःचाच राग यायचा. ओळख म्हणावी तर आम्ही एकदाच भेटलेलो. शेवटच्या फोनवर त्यांनी आपल्या घरचा नंबर सांगितला होता. काही तरी कारण हवं म्हणून मी बरेच दिवस थांबले. कारण मिळेना, तेव्हा तसाच लावला. एका बाईने उचलला.

"ते बागेत गेलेत. कोण म्हणून सांगू?"

मला सांगता येईना. कंपनीची म्हणू, तर कंपनीशी त्यांचा आता संबंध नव्हता.

"डिचोलीची पाण्याची बाय का?" तिनेच विचारलं. "सारखे सांगतात तुमचं. तुम्ही आमच्या पाण्यावर लक्ष ठेवायचात म्हणून."

मी हो म्हटलं.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. ढगाळ हवेने काजूच्या मोहोराचं कसं होणार याची काळजी, नातवाचे दात, पाय दुखतात. मग थांबून म्हणाले, "आता कितकां असा पाणी?"

"मला माहीत नाही, काका. ते आता दुसरीकडे जातं."

मागे कुठेतरी भांडी वाजत होती, नातू रडत होता. "बरां," ते म्हणाले, "ठेवतंय मगे."

त्या उन्हाळ्यात कंपनीने तो मजलाही सोडला. टेबलं, खुर्च्या, फोन टेम्पोत भरून नेले. आता मी केरीला भावाच्या घरात वरच्या खोलीत बसते. वारा सुटला की नेटवर्क जातं, स्क्रिप्ट मध्येच अडते, पुन्हा चालवावी लागते. खाली वहिनी कुणावर तरी ओरडत असते, आई मधूनच वर येऊन विचारते, "झाल्या का गाड्या?" काकांना मी महिन्या-दोन महिन्यांनी फोन करते. हल्ली त्यांना कमी ऐकू येतं. मी मोठ्याने बोलते, आणि ते भलतंच उत्तर देतात.