शिंगाळ्याचं आमिष

परळच्या आमच्या चाळीत समोरच्या खोलीतले काका दर मंगळवारी, सुट्टीच्या दिवशी, शिवडी बंदरावर गळ टाकून शिंगाळे मासे धरत. आदल्या संध्याकाळी ते गॅलरीत बसून आमिष निवडत. एकेक कोलंबी नाकाशी धरायची. वास मारणारी डब्यात, ताजी काकींच्या कालवणासाठी बशीत. "शिंगाळो मिशांनी वास घेता. ताजा त्याका नको," हे ते मला दर वेळी नव्याने सांगत.

त्या सोमवारी काकी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला फाउंटनला गेल्या होत्या. दुपारी तिकडे गोळीबार झाल्याचं कळलं. बरोबरच्या बायका परत आल्या. पळापळीत काकींची चुकामूक झाली, एवढंच त्या सांगत होत्या.

काका कोलंबी निवडत होते. जिन्यावर पाऊल वाजलं की त्यांचा हात थांबायचा, मग पुन्हा चालायचा.

"काका, हॉस्पिटलात बघून येऊया का?" मी विचारलं.

"ह्यां निवडून होवंदे. मगे जाऊया."

मी चपला घालून उभा राहिलो. शेवटची कोलंबी बशीत पडली. काकांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मग बशी डब्यात उपडी केली, सगळी कोलंबी बोटांनी कालवली आणि त्यातली एक उचलून नाकाशी धरली.