खांबाला कान लावणारे दामूकाका

दामू सुतार कुणाच्याही घरी गेले, की आधी खांबाला कान लावून बोटाने टकटक करायचे आणि मगच माणसांकडे वळायचे. बोईसरच्या माझ्या फ्लॅटमध्ये आले तेव्हा सिमेंटचा खांब ठोकून म्हणाले, "ह्यो मुका हाय रे!"

आमची गाठ पडली ती माझ्या आत्याच्या माहीम गावातल्या घरामुळे. ते जुनं सागवानी घर एका अंगाला कलत चाललं होतं. मी नवा इंजिनियर, अंगात भलताच जोर. ‘घर धोकादायक, पाडून टाकावे’ असा अहवाल ऐटीत लिहून दिला. आत्याला ते घर सोडून कुठेही जायचं नव्हतं. तिने अहवाल कपाटात टाकला आणि मुरबे गावाहून दामूकाकांना बोलावलं.

काका माळ्यावर चढले, मलाही ओढून नेलं. पूर्वीचे सुतार सगळं लाकूड आधी अंगणात कापून, जुळवून बघायचे. कुठला खांब कुठल्या आडव्या तुळईखाली बसतो ते विसरू नये म्हणून दोन्हींवर पटाशीने मोजून सारख्या रेघा कोरायचे आणि मग घर उभं करायचे. रेघांवरून बोट फिरवत जाता जाता काका थबकले. तीन रेघांच्या तुळईखाली चार रेघांचा खांब होता, आणि शेजारी नेमकं उलट. त्यामुळे सांधे नीट बसले नव्हते आणि घर कलत होतं.

"कुठल्या गाढवाने केलं हे?" मी विचारलं.

काकांनी कपाळावर हात मारला आणि ते खो खो हसले. "तो गाढव मीच! बाबांसंगती ह्या घराची डागडुजी केली, खांब काढून परत बसवले, तवा माझं लगीन ठरलं होतं. ध्यान कुठं होतं माझं!"

ओटीवर आळीतल्या बायका जमल्या होत्या. त्यांच्यादेखत काकांनी आत्याला सांगितलं, "ताई, घराची काय चूक नाय. पाडायचं तर मला पाडा."

मी मात्र चांगलाच ओशाळलो. आठ दिवसांत काकांनी तुळयांना टेकू दिले, खांबांची अदलाबदल केली आणि घर सरळ केलं. आत्याने पुरणपोळ्या केल्या. काकांनी त्या खांबाला टेकून खाल्ल्या आणि मधूनमधून खांबालाच विचारलं, "आता बरं वाटतं का?"

गेल्या वर्षी काका गेले. त्यांच्या दहाव्याहून परतताना मी माहीमला थांबलो आणि सहज माळ्यावर चढलो. चार रेघांशेजारी पटाशीने कोरलं होतं, ‘चूक दामूची. दुरुस्ती दामूची.’ पुढच्या सुताराला कळावं म्हणून त्यांनी ते कोरून ठेवलं होतं.

खाली येऊन मी आत्याच्या कपाटातून माझा जुना अहवाल काढला आणि सहीखाली लिहिलं, ‘चूक माझी. दुरुस्ती दामूकाकांची.’