सहा बॅरलचा तराफा

लग्न होऊन मी नीरेकाठच्या घरात आले, तोवर मला नदी अशी माहीतच नव्हती. माझं माहेर जळोचीचं. तिथं पाणी म्हणजे कॅनॉलचं, पाळी आली की सुटणारं आणि पाळी संपली की आटणारं. सासर मात्र इंदापूर तालुक्याच्या दक्षिणेच्या कडेला. घराच्या मागं ऊस, उसाच्या मागं नदी, आणि खाली बंधारा असल्यामुळं दिवाळीनंतर ती काठोकाठ भरून थांबलेली.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचे आणि सासूबाईंना आत्या. गावात मामांना सगळे आबा म्हणत. त्यांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती. मामांनी लहानपणी स्वतः कळपामागं पायी कोकण गाठलेलं होतं. मग मेंढरं गेली, नदीकाठी जमीन आली, वांगी-टोमॅटो आणि ऊस आला. पण मासे धरणं हे काही त्या घरातलं काम नव्हतं. आत्या तर सांगायच्या, लग्नानंतर कितीतरी वर्षं त्यांच्या चुलीवर मासा चढलाच नव्हता.

हे सगळं बदललं ते तराफ्यामुळं. नदीचं पाणी वर-खाली व्हायचं, म्हणून काठावर मोटार ठेवून भागत नसे. मामांनी बारामतीच्या भंगारातून सहा पत्र्याचे बॅरल आणले होते, त्यांना लोखंडी अँगलची चौकट बांधून तराफा केला होता आणि त्याच्यावर मोटार बसवली होती. पाणी चढलं की मोटारही चढायची. माझ्या लग्नानंतर वर्षभरात काठावर पक्की विहीर बांधून झाली, मोटार तिकडं गेली आणि तराफा रिकामा पडला. माझ्या नवऱ्याचं म्हणणं होतं की तो मोडून अँगल दुसरीकडं वापरावेत. मामा म्हणाले, राहू दे. त्यांनी त्याच्यावर लिंबाच्या फळ्या ठोकल्या, मधे एक पोतं अंथरलं, तराफा एका दोरानं काठावरच्या बाभळीला बांधला, दुसऱ्या दोराला फुटकं जातं बांधून ते पाण्यात सोडलं, आणि एका दुपारी गळ घेऊन त्याच्यावर जाऊन बसले. त्यानंतर रोजच बसायला लागले. शेताचं बघायला मुलगा होता. मामांनी साठी ओलांडलेली होती आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना दुपारचं काही काम नव्हतं.

त्यांची भाकरी घेऊन मीच नदीवर जायचे. काठावर फडकं ठेवायचं, हाक मारायची आणि मागं फिरायचं, एवढाच आमचा संबंध. त्या घरात सुनेनं सासऱ्यासमोर डोक्यावर पदर घेऊन उभं राहायचं, बसायचं नाही, आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही. कुणी तसं सांगितलं नव्हतं, पण सगळ्या तसंच करत, म्हणून मीही करत होते. लग्नाला दोन वर्षं होत आली होती आणि मामांशी माझं एका वेळी दहा शब्दांच्या वर बोलणं झालेलं नव्हतं.

एक दिवस मी फडकं ठेवून वळणार, तेवढ्यात मामांनी तराफा दोरानं ओढत काठाला आणला आणि मला थांबायला सांगितलं. गळ तुटला होता. नवा गळ आणि तंगूस, म्हणजे नायलॉनचा बारीक दोरा, त्यांच्या हातात होता, पण गळाच्या बारीक नेढ्यातून तंगूस काही जात नव्हता. मी काठावरून हात पुढं केला तर पोचेना. शेवटी चप्पल काढून तराफ्यावर पाय ठेवला. तो माझ्या वजनानं एका बाजूला कलला, मी मटकन खाली बसले आणि बसल्या बसल्याच तंगूस ओवून दिला. उठायची भीती वाटत होती. ते मामांनी ओळखलं असावं. ते गांडूळ लावून गळ टाकून बसले. मीही बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा काहीतरी ओवायला दिलं. तिसऱ्या दिवशी माझ्यासाठी वेळूची एक काठी तयार होती.

मी शिकत गेले. तंगुसाला ज्वारीच्या ताटाचा बोटभर तुकडा बांधलेला असायचा. तो पाण्यावर तरंगायचा, आणि बुडाला की ओढायचं. पहिल्यांदा तो नुसता डुचमळला तरी मी ओढायचे आणि रिकामा गळ वर यायचा. मामा सांगायचे, मासा आधी चव बघतो, त्याला बघू द्यावं. चिलापी कशी झटक्यात नेते, शिंगटा कसा खालून खालून ओढतो, हे त्यांनी सांगितलं. तेही नव्यानंच शिकलेले होते, पण सांगताना जन्म नदीत गेल्यासारखं सांगायचे. मधेच मेंढरांच्या गोष्टी निघायच्या. घाटात धुक्यात हरवलेली एक मेंढी तीन दिवसांनी आपण होऊन कशी परत आली, ते मी चार वेळा तरी ऐकलं असेल.

अडचण पदराची होती. नदीवर वारा असायचा, पदर डोक्यावर ठरायचा नाही. एका हातात काठी, दुसऱ्या हातानं पदर, आणि मासा लागला की कुठला हात सोडायचा ते कळायचं नाही. असाच एक मासा सुटला, तेव्हा मामा पाण्याकडं बघतच म्हणाले, "पदर कमरंला खोच, पोरी. हितं माशाला मान लागत न्हाय."

मी पदर खोचला. त्या दिवशी घरी परतताना उसाच्या कडेला आल्यावर पुन्हा डोक्यावर घेतला. पुढं कितीतरी दिवस असंच चाललं. घरात एक रीत, तराफ्यावर दुसरी.

एक गोष्ट मात्र माझ्या लवकरच लक्षात आली होती. मामांचा तुकडा बुडाला तरी ते ओढायचे नाहीत. मी "मामा, बुडालं" म्हणायचे, तेव्हा ते "बघतोय की" म्हणून काठी उचलायचे. कधीकधी तंगूस बोटांत धरून बसायचे आणि ओढ लागली की उचलायचे. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची डुलकी असेल. मी मुकाट्यानं "बुडालं" म्हणायचं काम करत राहिले.

माझा पहिला मोठा मासा संक्रांतीनंतर लागला. काठी एकदम वाकली आणि तराफाच हलला. मला वाटलं खाली झाडाचा बुंधा असावा, पण बुंधा इकडून तिकडं पळत नाही. मामांनी त्यांची काठी टाकून माझं मनगट धरलं आणि सैल सोड, सैल सोड म्हणत राहिले. किती वेळ गेला ठाऊक नाही. शेवटी मासा थकून कडेला आला आणि मामांनी त्याला पोत्यात घेतला. कटला होता, माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढा. मी हसत होते. मामाही हसत होते. मी ज्वारीच्या पिठात काळं तिखट कालवून त्याचे तुकडे तळले. आत्यांनी आधी नाक मुरडलं आणि मग दोन तुकडे जास्त घेतले.

तो मासा पोत्यातून घरी नेताना रस्त्यात गावातल्या दोघी बायकांनी पाहिला, आणि त्यातून बोलणं सुरू झालं. धुण्याच्या घाटावरून तराफा स्पष्ट दिसायचा. सासरा आणि सून रोज दुपारी पाण्यात जाऊन बसतात, सून मोठ्यानं हसते, पदर कमरेला असतो. शेजारच्या शेतातल्या एका बाईनं हे आत्यांना काळजीच्या सुरात सांगितलं. मी गोठ्यात होते, मला सगळं ऐकू आलं. त्या दुपारी मी नदीवर गेले नाही. दुसऱ्या दिवशीही गेले नाही. माझ्या नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, आईला विचार.

मला आत्यांना विचारावंच लागलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिघांच्या भाकरी एका फडक्यात बांधल्या, मला पुढं घातलं आणि धुण्याच्या घाटावरून, मुद्दाम तिथूनच, नदीवर आल्या. त्यांना पाण्याची फार भीती. तराफ्यावर चढताना त्यांनी डोळे मिटले होते. मग पोत्याच्या बरोबर मधे बसल्या आणि दोन्ही हातांनी अँगल घट्ट धरून घाटाकडं तोंड केलं.

"आता तिघं हाय," त्या म्हणाल्या. "आता बघा म्हणावं."

दिवस कलेपर्यंत त्या तशाच बसल्या. पुढच्या आठवड्यातही दोनदा आल्या. घाटावरचं बोलणं तिथंच थांबलं, पण आत्यांचं येणं थांबलं नाही. त्या गवारीच्या शेंगा मोडायला आणायच्या, लसूण सोलायला आणायच्या. बोलायच्या इतक्या की मासा जवळ फिरकायचा नाही. मामा कधी त्यांना गप्प बस म्हणाले नाहीत.

उन्हाळ्याच्या तोंडाला वरच्या धरणातून पाणी सोडलं. तसं ते नेहमीच सुटायचं आणि नदी दिवसभर जरा पळायची, एवढंच. आम्ही तिघं तराफ्यावर होतो. कुठंतरी टक्कन आवाज झाला. मी वळून पाहिलं तर बाभळीचा दोर पाण्यात पडलेला आणि काठ हळूच मागं सरकतोय. जातं बांधलेल्या दोरानं क्षणभर ओढ धरली, मग तोही सुटला. एक बाभळीच्या बुंध्याला, दुसरा अँगलच्या कडेला घासून घासून दोन्ही दोर पार झिजले होते. नुसतं बघितलं असतं तरी दिसलं असतं.

तराफा स्वतःभोवती सावकाश फिरत मधल्या धारेला लागला. वेग बैलगाडीपेक्षा जास्त नव्हता, पण पाणी खोल होतं, काठी तळाला लागत नव्हती, आणि आम्हा दोघींना पोहता येत नव्हतं. आत्यांनी माझा दंड धरला आणि डोळे मिटून पुटपुटायला लागल्या. मामा शांत होते. पुढच्या वळणावर धार पलीकडच्या काठाजवळून जाते, तिथं काहीतरी करता येईल, असं त्यांनी सांगितलं. तुटलेला दोर ओढून घेऊन त्यांनी त्याचं वेटोळं केलं.

वळणावर एक माणूस म्हशी धुवत होता. आम्हाला बघून तो कमरेएवढ्या पाण्यात शिरला आणि दोर टाका म्हणून ओरडला. मामांनी उभं राहून जोर लावून दोर फेकला. दोर पडला त्या माणसाच्या चांगला दहा-बारा हात डावीकडं, नुसत्या म्हशींपुढं.

"ओ आबा, हिकडं," तो माणूस म्हणाला. "हिकडं हाय मी."

मामांनी दोर ओढून पुन्हा फेकला. पुन्हा तसाच गेला. मी त्यांच्या हातातून दोर घेतला. दोर कसा घेतला, उभी कशी राहिले, ते आज आठवत नाही. माझा पहिला दोर आखूड पडला. दुसरा त्या माणसाच्या छातीवर जाऊन आदळला आणि त्यानं तो धरला. तराफा गर्रकन वळून काठाच्या गाळात रुतला.

आम्ही उतरलो. तो भला माणूस म्हशी सोडून चहा सांगायला वस्तीकडं गेला. आत्या ओल्या लुगड्यानं एका दगडावर बसल्या होत्या. त्या मामांकडं बघत होत्या, आणि मग हळू आवाजात त्यांनी विचारलं, "तुमाला तो माणूस दिसला न्हाय?"

मामांनी तळव्याला लागलेला गाळ पुसला.

"दोन वर्सं झाली," ते म्हणाले. "पांढरं पांढरं दिसतं. आवाजावर भागतं."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी इतके दिवस त्यांच्या डोळ्यांचं काम करत होते आणि मला कळलं नव्हतं. त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं, कारण डोळ्याला सुरी लावायची त्यांना भीती होती. गावातल्या एकाचा डोळा ऑपरेशननंतर गेला होता, असं त्यांनी कधीतरी ऐकलेलं. मेंढरांमागं घाट चढलेला, रानात लांडग्यापुढं उभा राहिलेला माणूस, आणि हे सांगताना त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. आत्या भांडतील असं मला वाटलं. त्या भांडल्या नाहीत. उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.

मी म्हणाले, "मामा, मी येते तुमच्यासंगं दवाखान्यात. शेवटपर्यंत बसते."

पाण्याबाहेर, काठावर, मी त्यांच्याशी आपण होऊन बोललेलं ते पहिलं वाक्य होतं. माझा पदर तेव्हाही कमरेलाच होता, आणि तो वर घ्यायचा त्या दिवशी राहूनच गेला. पुढंही बहुतेक राहूनच गेला. त्या माणसानं ट्रॅक्टरमधून आम्हाला पुलावरून घरी सोडलं.

महिन्याभरात बारामतीला मामांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मी, आत्या आणि माझा नवरा, तिघंही गेलो होतो. मामांनी आत जाताना माझ्या नवऱ्याला उसाच्या पाण्याबद्दल चार सूचना दिल्या, जशा काही आठवडाभरासाठी गावाला निघालेत. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातच पट्टी काढली. त्यांनी काळा चष्मा जरा वर केला, आधी माझ्याकडं पाहिलं, मग आत्यांकडं पाहिलं आणि बघतच राहिले.

"म्हातारी झालीस की गं," ते म्हणाले.

"मग काय तुमची वाट बघत थांबू व्हय?" आत्या म्हणाल्या, आणि तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मला त्या हसताहेत की रडताहेत ते नीट कळलं नाही.

डॉक्टरांनी पाण्याजवळ जायचं नाही म्हणून सांगितलं होतं. मामांनी ते महिनाभर पाळलं. तेवढ्या दिवसांत माझ्या नवऱ्यानं तराफा पलीकडून ओढून आणला, गंजलेला एक बॅरल बदलला आणि दोन्ही बाजूंना नवे नायलॉनचे दोर बांधले. आत्या आता काही पुन्हा पाण्यात पाय ठेवायच्या नाहीत, अशी माझी खात्री होती. पण निघायच्या दिवशी त्या गवारीची पाटी घेऊन आमच्या आधीच उंबऱ्यात उभ्या होत्या.

त्या दुपारी वारा पडलेला होता. मामा काळा चष्मा लावून बसले. पलीकडच्या काठावर किती म्हशी आहेत, घाटावर कुणाचं लुगडं वाळतंय, बगळा कुठं उभा आहे, हे सगळं ते आम्हाला सांगत होते, जसं काही आंधळ्या आम्हीच होतो. आत्या शेंगा मोडत नुसतं हूं हूं करत होत्या. अंधार पडायच्या आत सहा चिलाप्या झाल्या, तीन त्यांच्या आणि तीन माझ्या. त्या मी घरी नेऊन तळल्या आणि आम्ही चौघं अंगणातच जेवायला बसलो.